उर्दूतली सगळी संकटं 'संकट' नसतात: मुसीबत, बला, शामत, सानिहा आणि दादीचे 'दुश्मन'

प्रश्न थोडक्यात असा की एका उर्दू कथेचं मराठी करताय, त्यात मुसीबत, आफ़त, बला, क़हर, क़यामत, हादसा, सानिहा हे शब्द पानापानावर येतायत, तर सगळीकडे 'संकट' लिहून मोकळं व्हावं का. आणि दुसरं म्हणजे कथेतली दादी नातवाला "सुना है तुम्हारे दुश्मनों की तबीयत नासाज़ है" म्हणते, पण कथेत दुश्मन तर कुणीच नाही, मग हे दुश्मन आले कुठून.

पहिल्याचं उत्तर: नका लिहू. उर्दूतून मराठीत आणायचं काम मी बरीच वर्षं करतोय आणि सगळ्यात जास्त बिघडलेली ट्रान्सलेशन्स याच शब्दांपाशी बघितलीयत, कारण हे शब्द आपल्याला ओळखीचे वाटतात. अनोळखी शब्द आला की माणूस डिक्शनरी उघडतो, आफत-बला-कहर आले की कोण उघडणार, ते आपलेच ना. आपलेच आहेत, पण मराठीत येऊन बरेच बदललेत. दादीच्या दुश्मनांकडे शेवटी येतो.

असा शब्द आला की मी एवढंच बघतो, ही आपत्ती आली कुठून असं बोलणाऱ्याला वाटतंय. नुसती येऊन आदळली, वरून परीक्षा म्हणून आली, देवाचा राग म्हणून आली, ग्रहताऱ्यांमुळे आली, की स्वतःच्या कर्मानं ओढवून घेतली. उर्दूत यातल्या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे आणि चांगला लेखक तो उगाच बदलत नाही.

मुसीबत सगळ्यात साधा. अरबी मुळात अर्थ आहे 'नेम धरल्यासारखं बरोब्बर येऊन लागणं', त्याच मुळापासून उर्दूत 'साइब राय' म्हणजे अचूक मत. म्हणजे मुसीबत ही लागते, बसते, आपण 'फटका बसला' म्हणतो तसं. कुणी पाठवली, का पाठवली हे त्यात नाही. म्हणून तो शब्द कुठल्याही साइझला चालतो, गॅस संपला तरी "क्या मुसीबत है यार" आणि घरातला कर्ता माणूस गेला तरी "बड़ी मुसीबत आन पड़ी". पहिल्याला मराठीत 'काय कटकट आहे', दुसऱ्याला 'फार वाईट प्रसंग गुदरला'. हे 'गुदरणं' पण मूळ फारसीच, उर्दूतल्या गुज़रनाचं भावंड, "उन पर क्या गुज़री" मधलं. त्यामुळे अशा ठिकाणी 'प्रसंग गुदरला' मला फार आवडतं, कानाला मराठी आणि आतून उर्दू.

पण याच मुसीबतचं अनेकवचन 'मसाइब' आलं की सावध व्हा. "मसाइब-ओ-आलाम" अशी जोडी असेल तर ठीक, हालअपेष्टा लिहा. मुहर्रमच्या मजलिसीचा म्हणजे शोकसभेचा प्रसंग असेल आणि "ज़ाकिर ने मसाइब शुरू किए" असं वाक्य असेल (ज़ाकिर म्हणजे मजलिसीत बोलणारा) तर ती टेक्निकल टर्म आहे. मजलिसीत आधी फ़ज़ाइल म्हणजे थोरवीचं वर्णन, आणि शेवटच्या भागात करबलात इमाम हुसैन आणि त्यांच्या माणसांनी सोसलेल्या यातनांचं कथन, त्या भागाला मसाइब म्हणतात, तिथेच लोक रडतात. "त्यांनी संकटं सुरू केली" असं मराठी मी छापील वाचलंय, हसावं की रडावं कळेना. तिथे मसाइब हाच शब्द ठेवून अर्ध्या ओळीत करबलाचा संदर्भ द्यायचा, एवढं पुरतं.

अजून एक. कुणी गेल्याची बातमी आली की कथेतली माणसं "इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन" म्हणतात. क़ुरआनात सूरह बक़रामध्ये हे वाक्य मुसीबतीच्याच संदर्भात येतं, मुसीबत कोसळली की सबुरीची माणसं असं म्हणतात की आपण अल्लाहचेच आणि परत त्याच्याकडेच जाणार. म्हणून मृत्यूच नाही, काही हरवलं, नुकसान झालं तरी लोक म्हणतात. त्यामुळे त्याचं 'आत्म्यास शांती लाभो' करू नका, तो आशीर्वाद नाहीये, स्वतःला समजावणं आहे.

आफ़त म्हणजे मुळात बिघाड, नासाडी, पिकावर पडते तशी कीड. म्हणून सरकारी आणि बातम्यांच्या उर्दूत क़ुदरती आफ़ात, नागहानी आफ़ात, पूर आलेला जिल्हा 'आफ़तज़दा क़रार' वगैरे. जुन्या भाषेत आफ़ात-ए-अर्ज़ी-ओ-समावी, म्हणजे जमिनीवरच्या आणि आकाशातल्या. आपल्याकडे महसुली कागदांतून आलेलं अस्मानी-सुलतानी आहेच, फक्त आपण आकाशाच्या जोडीला जमीन न ठेवता राजा ठेवला, अनुभव असणार तसा. तर जिथे शेत, पाऊस, टोळधाड, सरकार अशा दोन्ही बाजूंनी माणूस भरडला जातोय तिथे अस्मानी-सुलतानी बिनधास्त वापरा.

आफ़तची दुसरी बाजू लाडाची. आफ़त की पुड़िया म्हणजे उपद्व्यापी पोरगी, आफ़त का परकाला म्हणजे भयंकर चलाख, कारस्थानी माणूस, परकाला म्हणजे ठिणगी किंवा तुकडा. मराठीत कार्टं, इब्लिस, नग, पोहोचलेला असे भरपूर आहेत. गंमत बघा, इब्लिस पण तिकडूनच आलेला. तिथे 'संकटाची पुडी' लिहिणारे लोक आहेत, त्यांना माझा सलाम.

आता बला, हा माझा सगळ्यात आवडता आणि सगळ्यात फसवा. मुळात अर्थ परीक्षा. त्याच मुळाचा इब्तिला, त्याच मुळाचा मुब्तला, "इश्क़ में मुब्तला" मधला. म्हणजे बला ही कुणीतरी कस बघायला पाठवलेली गोष्ट, म्हणून ती सदक़ा देऊन टाळता पण येते, "सदक़ा रद्द-ए-बला" असं म्हणतात, दानानं बला परतते. पण बोलीत येता येता बला म्हणजे भूतखेत, अंगाला चिकटणारी अवदसा असा जिवंत आकार तिला आला. बला टळते, गळ्यात पडते, मागे लागते. मुसीबत मागे लागली तरी तिला चेहरा नसतो, बलेला असतो.

आणि मग या वापरांत लोक गाळात जातात. "बला की ख़ूबसूरत", "बला की गर्मी", इथे बला म्हणजे फक्त 'जबरदस्त, जीवघेणी'. "मेरी बला से" म्हणजे 'माझं काय जातंय', रागात असेल तर 'गेला उडत'. "बलानोश" म्हणजे पिंपच्या पिंप रिचवणारा दारुडा, बला पिणारा कुणी नाही. आणि "बलाएँ लेना" म्हणजे म्हातारी बाई मुलाच्या डोक्यावरून-गालांवरून दोन्ही हात फिरवते आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडते, तुझ्यावरचं सगळं माझ्यावर येऊ दे म्हणून. याला मराठीत स्पष्टीकरण द्यायची काहीच गरज नाही कारण आपल्याकडे 'अलाबला घेणं' जसंच्या तसं आहे, तोच हात, तीच कानशिलं, तोच कडकड आवाज. पण आजकालच्या ट्रान्सलेटरला अलाबला माहीत नसते, तो 'तिने त्याची दृष्ट काढली' लिहितो, म्हणजे मीठमोहऱ्या आल्या. वेगळी क्रिया आहे ती.

क़हर आणि ग़ज़ब, दोन्ही देवाच्या खात्यातले. क़हर म्हणजे चिरडून टाकणारी सत्ता, अल्लाहच्या नावांतलं एक नाव क़ह्हार आहे. ग़ज़ब म्हणजे सरळ राग, कोप. म्हणून "क़हर टूटा", "क़हर-ए-इलाही" यांना 'दैवी कोप' बरोबर. मराठी 'कहर' मात्र आता हद्द ओलांडण्यावर आलाय, 'कहर केलास बाबा', किंवा पेपरात 'उन्हाचा कहर'. आणि ग़ज़बचं तर आपण दोन तुकडे केले: गजब म्हणजे भारी, अफलातून, आणि गहजब म्हणजे आरडाओरडा, नुसता गोंधळ. उर्दूतली बाई धावत येऊन "ग़ज़ब हो गया!" म्हणते तेव्हा यातलं एकही चालत नाही. तिथे 'घात झाला!' किंवा 'अनर्थ झाला!' लिहा.

क़यामत मुळात 'उभं राहणं', मेलेले सगळे उठून हिशोबाला उभे राहतील तो दिवस. त्यामुळे क़यामत टूटना म्हणजे नुसतं मोठं दुःख नाही, सगळी दुनियाच उलटी होणं. हश्र, महशर हे त्याच दिवसाचे शब्द, त्यात गर्दीचा, कल्लोळाचा रंग जास्त. प्रेयसीची चालही क़यामत असते ते सगळ्यांना माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही. पण फारसीतला क़यामतचा शब्द रुस्तख़ेज़, त्याची एक गोष्ट सांगतोच. 1857 साठी ग़ालिबनं 'रुस्तख़ेज़-ए-बेजा' असा शब्द वापरला. वरवर अर्थ 'अस्थानी प्रलय'. आता उर्दू-फारसी लिपीत प्रत्येक अक्षराला एक ठरलेली किंमत असते, अबजद म्हणतात त्याला, त्या किमती धरा, रे 200, सीन 60, ते 400, ख़े 600, ये 10, ज़े 7, बेरीज 1277. आणि 'बेजा' म्हणजे 'जा' वजा करून, जीम 3 आणि अलिफ़ 1, चार गेले, राहिले 1273. हिजरी 1273, म्हणजे ज्या रमज़ानात दिल्लीत बंडवाले शिरले तेच साल. शहर डोळ्यासमोर उद्ध्वस्त होतंय आणि हा माणूस शब्दातून तारीख काढतोय. अशा शब्दाचं भाषांतर होत नाही, तळटीपच द्यावी लागते, आणि तळटीप द्यायला लाजू नये.

ग़ालिबचं निघालंच आहे तर वबा म्हणजे साथीचा रोग, यावरचं त्याचं एक पत्र आहे. त्याचा शागीर्द मीर मेहदी मजरूहनं विचारलं असणार दिल्लीत साथ कशी आहे म्हणून, तर हा लिहितो की कसली साथ, 66 वर्षांचा म्हातारा आणि 64 वर्षांची म्हातारी, या दोघांतलं एक जरी मेलं असतं तरी मानलं असतं की साथ आली होती, थू असल्या साथीवर! उर्दूत आपत्तीवर बोलायची ही एक पक्की रीत आहे, स्वतःवर हसून. तुमच्या कथेत असा टोन असेल तर 'महामारी' असला सरकारी शब्द घालून त्याचा जीव घेऊ नका, 'साथ' पुरे.

आता आकाशाचं खातं. इथे देवावर थेट आरोप करायचा नसतो, म्हणून शायर लोक सगळं बिल आभाळाच्या नावावर फाडतात: फ़लक, चर्ख़, आसमान, गर्दिश. गर्दिश म्हणजे फिरणं, सात आसमानं फिरतात आणि त्यात माणूस भरडतो अशी जुनी कल्पना. "रात दिन गर्दिश में हैं सात आसमाँ, हो रहेगा कुछ न कुछ घबराएँ क्या". सितारे गर्दिश में हैं याला मराठीत 'ग्रह फिरलेत' इतकं चपखल बसतं की अजून काही शोधू नका. मनहूस, नुहूसत हे पण ज्योतिषातलेच, शनीला नहस-ए-अकबर म्हणजे थोरला अशुभ आणि मंगळाला नहस-ए-असग़र म्हणजे धाकटा अशुभ म्हणायचे. साडेसाती आणि मंगळ दोन्ही आपल्याकडेही त्याच पोस्टवर आहेत, त्यामुळे मराठी वाचकाला हे सांगायला कष्ट पडत नाहीत.

शामत वेगळी. ती ओढवून घेतलेली. "शामत आई है क्या?" म्हणजे मार खायची हौस आलीय का, भरलेत का दिवस. मराठीत 'कुणाची शामत आहे मला अडवायची' म्हणतो तेव्हा आपण शामतचा अर्थ हिंमत, बिशाद असा करून टाकलाय, म्हणून 'शामत' तशीच ठेवली की वाक्य उलटं पडतं. पूर्ण रूप शामत-ए-आमाल, आपल्याच कर्मांचं फळ. 1739 मध्ये नादिरशाहनं दिल्लीत कत्तल केली त्यावर फारसीत एक ओळ रूढ झाली, "शामत-ए-आमाल-ए-मा सूरत-ए-नादिर गिरफ़्त", आमच्याच कर्मांनी नादिरचं रूप घेतलं. उर्दू लेखनात ती आजही येते, फाळणीवर, दंग्यांवर, कशावरही. त्याच काळातले शब्द नादिरगर्दी, अब्दालीची शाहगर्दी, जाटगर्दी, ज्यानं लुटलं त्याचं नाव आणि पुढे गर्दी म्हणजे अंदाधुंदी. आणि आपली भाऊगर्दी याच रांगेतली, पानिपत 1761. आज आपण 'इच्छुकांची भाऊगर्दी' असं सहज लिहितो.

बातमीच्या उर्दूत तर शब्द जपूनच उचला. हादसा म्हणजे मुळात फक्त 'घडलेलं', आता अपघात. अनेकवचन हवादिस मात्र शायरीचा, हवादिस-ए-ज़माना म्हणजे काळाचे तडाखे. सानिहा म्हणजे हळहळ लावणारी दुर्घटना, मूळ अरबीत त्या शब्दाचा कल शुभाकडे आहे, आजही अरबीत तो चांगल्या संधीला लावतात, उर्दूत मात्र पूर्ण काळा. पेपरात "सानिहा-ए-इर्तिहाल" असं हेडिंग दिसलं तर ती निधनवार्ता आहे, बस उलटली वगैरे काही नाही, मराठीत 'दुःखद निधन' लिहून पुढे जा. अल्मिया म्हणजे शोकांतिका, "अल्मिया ये है कि" याला 'दुर्दैव असं की'.

आणि हलाक. आपली हलाखी याच शब्दाची पण आपल्याकडे ती गरिबी झाली. उर्दूत "बीस अफ़राद हलाक" म्हणजे वीस जण मेले, वीस कुटुंबं हलाखीत नव्हे. त्यातही पेपरवाले माप लावतात, अपघातात गेलेल्या बिचाऱ्यांना जाँ-ब-हक़, आपल्या बाजूच्यांना शहीद, आणि ज्यांच्याबद्दल सहानुभूती नाही किंवा दाखवायची नाही त्यांना हलाक. कथेत कुणी पेपर वाचून दाखवत असेल तर लेखकानं यातला कोणता उचललाय हे बघा, त्यात त्याची बाजू कळते. मराठीत 'ठार', 'मृत्युमुखी', 'हुतात्मा' असं त्याच पायऱ्यांनी उतरवता येतं. आशोबचा पण एक खड्डा आहे, शहर-आशोब म्हणजे उजाड झालेल्या शहरावरचं शोकाकुल काव्य, आणि आशोब-ए-चश्म म्हणजे डोळे येणं. हो, साधे डोळे येणं, ड्रॉप घालतात ते.

म्हणींचं जास्त ताणत नाही. "मुफ़लिसी में आटा गीला" याला दुष्काळात तेरावा महिना, "आसमान से गिरा खजूर में अटका" याला आगीतून फुफाट्यात, झालं काम. पण "कमबख़्ती आए तो ऊँट चढ़े को कुत्ता काटे", उंटावर बसलेल्यालाही कुत्रं चावतं, ही मी तशीच मराठीत ठेवतो, चित्र इतकं मस्त आहे की आपली म्हण शोधून ते घालवायचं कशाला. "मरे को मारे शाह मदार" मध्ये शाह मदार म्हणजे मकनपूरचे सूफ़ी संत, तिथे नाव ठेवायचं की नाही हे कथा कुठे घडते त्यावर ठरवा. तसंच कथा मालेगाव-औरंगाबादकडची असेल तर बरेच शब्द जसेच्या तसे सोडा, तिथली माणसं मराठी शेजारीच राहतात, आफत-बला त्यांच्या मराठीतही आहेच.

आता दादी. जुन्या दिल्ली-लखनौच्या बायकांची जी उर्दू, बेगमाती ज़बान, तिचा नियमच असा की वाईट गोष्ट प्रिय माणसाच्या नावाला चिकटू द्यायची नाही. नातू आजारी आहे, पण 'तू आजारी' म्हटलं तर ते लागेल, म्हणून आजार दुश्मनांच्या अंगावर ढकलायचा. ते दुश्मन कुणीच नाहीत, तोच नातू आहे. त्याच घरात "दूर पार", "नौज", "शैतान के कान बहरे" ऐकू येणार, म्हणजे बोलले ते खरं न होवो, सैतानाला ऐकू न जावो. पुरुषमाणूस ख़ाकम-ब-दहन म्हणेल, माझ्या तोंडात माती पडो, आणि मग अभद्र शंका बोलेल. दिवा विझवायचा नाही तर "चिराग़ बढ़ाओ", दुकान बंद करायचं नाही तर "दुकान बढ़ाओ", बांगड्या फोडायच्या नाहीत तर "चूड़ियाँ ठंडी" करायच्या. हे मराठी वाचकाला परकं अजिबात नाही, आपणही नारळ वाढवतो, बांगडी वाढवली म्हणतो, 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो. म्हणजे वृत्ती आहे, फक्त दुश्मनांवर ढकलायची ही ठरावीक पद्धत आपल्यात नाही.

म्हणून तिथे शब्दाला शब्द नको. 'तुझ्या शत्रूंची तब्येत बरी नाही असं ऐकलं' असं लिहिलंत तर वाचक शत्रू शोधत बसेल, जसे तुम्ही शोधलेत. मी असं करीन: "काय ऐकतेय मी? बरं नाही म्हणे... तुला नाही रे, तुझ्या वैऱ्याला!" आणि लगेच ती अलाबला घेते असं लेखकानं पुढे लिहिलंच असेल, नसेल तर तुम्ही घालू नका. कथेत पुढे कुठे "नौज" आलं तर 'इडापिडा टळो' चालेल, "दूर पार" ला 'नको गं बाई ते अभद्र'. आणि बेगमाती बोलीसाठी हाताशी फ़रहंग-ए-आसफ़िया हा उर्दू कोश ठेवा, सय्यद अहमद देहलवींची, बायकांचे वाक्प्रचार तिच्यात भरपूर आहेत, प्लॅट्सची 1884 ची डिक्शनरी शब्दाचं मूळ बघायला बरी पण दादीचं बोलणं समजून घ्यायला आसफ़ियाच उघडा.